नाव खोडलं, तरी बाई ओळखू येते

(सामुदायिक रेडिओच्या बुधवारच्या दुपारच्या कार्यक्रमातलं भाषण)

मैत्रिणींनो, कुणी भांडी आवरून बसला असाल, कुणी शेळ्या घेऊन बांधावर असाल, कुणी गटाच्या बैठकीत मोबाईलवर रेडिओ लावून ऐकत असाल. आज मी संगणकातल्या माहितीबद्दल बोलणार आहे. लगेच बंद करू नका. सुरुवात आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीपासून करते.

सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा नवीनच सीआरपी झाले होते. गावात एका संस्थेचा सर्व्हे आला. संस्थेचं नाव घेत नाही, हेतूही त्यांचा वाईट नव्हता. बायकांच्या डोक्यावर कर्ज किती, कुणाकडून घेतलं, कशासाठी घेतलं, एवढं त्यांना समजून घ्यायचं होतं. घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक उंबऱ्यावर मी एकच वाक्य म्हणायचे, "वहिनी, बिनधास्त सांगा, तुमचं नाव कुठे येणार नाही." मला तसं शिकवलं होतं, आणि मला ते खरंच वाटत होतं.

आमच्या मळ्यातल्या एका वहिनींनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं, की डोरलं गहाण ठेवून थोरल्या मुलीची नर्सिंगची फी भरली. घरात सांगितलं होतं की कडी तुटली, सोनाराकडे दुरुस्तीला दिलंय. मी लिहून घेतलं. नाव लिहिलं नाही.

दोनेक महिन्यांनी संस्थेनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला. गावाची माहिती गावाला परत द्यायची, असं त्यांचं म्हणणं. चांगलंच म्हणणं आहे ते. तक्त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. नुसते रकाने. वस्ती, वय, मुलं किती, मुलं काय शिकतात, कर्ज किती, तारण काय. त्यात एक ओळ अशी होती: मळा, वय ३६, दोन मुली, थोरली नर्सिंगला, सोनं गहाण.

मळ्यात घरं नऊ. त्यात नर्सिंगला गेलेली मुलगी एक.

वहिनींच्या दिरानं तो तक्ता वाचला आणि घरी गेला. पुढचं मी सांगत नाही, तुम्हाला कळलं असेल. पाच महिने वहिनी बैठकीला आल्या नाहीत. हप्ता धाकट्या मुलीच्या हाती पाठवायच्या. मी एकदा त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "वहिनी, देवाशपथ, तुमचं नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं." त्या म्हणाल्या, "नाव सोडून सगळं लिहिलंस की."

माझी भाची पुण्याला संगणकाचं शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तुझ्या भिंतीवर झालं ना, तेच अमेरिकेत एका गव्हर्नरच्या बाबतीत झालं होतं. त्यावर मोठमोठ्या लोकांनी संशोधन केलंय." मला आधी थट्टा वाटली. मग तिच्याकडून एकेक समजून घेत गेले. ते आज तुम्हाला सांगते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. तिथे सरकारी नोकरांच्या आरोग्य विम्याचं काम बघणारं एक सरकारी मंडळ आहे. नोकर आणि त्यांचे घरचे मिळून तेव्हा सुमारे १ लाख ३५ हजार माणसं होती. कोण कधी दवाखान्यात गेलं, काय आजार निघाला, काय औषध दिलं, सगळं त्यांच्याकडे नोंदलेलं. १९९० नंतरच्या दशकात या मंडळानं ती माहिती संशोधन करणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. नावं काढली, पत्ते काढले. राज्याचे गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद, विल्यम वेल्ड. त्यांनी लोकांना शब्द दिला की कुणाचीही ओळख फुटणार नाही. मी उंबऱ्यावर द्यायचे तसाच.

नाव-पत्ता गेला, पण तीन गोष्टी त्या कागदात राहिल्या होत्या. जन्मतारीख, बाई की पुरुष, आणि तिथला पिनकोड.

त्या वेळी लटान्या स्वीनी नावाची एक मुलगी एमआयटी या विद्यापीठात शिकत होती. कृष्णवर्णीय घरातली मुलगी. पुढे २००१ साली त्या विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टर होणारी ती पहिली कृष्णवर्णीय बाई ठरली, आज हार्वर्डला प्राध्यापक आहे. तिनं काय केलं, तर गव्हर्नर ज्या केंब्रिज शहरात राहत होते तिथली मतदार यादी विकत घेतली. वीस डॉलरला. मतदार यादी काही गुपित नसते. तिच्यात नाव, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख, बाई की पुरुष, सगळं होतं.

आता एक वही इकडे ठेवा, एक तिकडे. पहिलीत आजार आहे, नाव नाही. दुसरीत नाव आहे, आजार नाही. पण जन्मतारीख, पिनकोड आणि बाई की पुरुष हे तीन रकाने दोन्हींत आहेत. गव्हर्नरची जी जन्मतारीख, तीच असलेली माणसं त्या शहरात सहा निघाली. सहांपैकी पुरुष तीन. तिघांपैकी गव्हर्नरच्या पिनकोडात राहणारा एकच. बस. दवाखान्याचा सगळा कागद हातात.

हे ऐकलं तेव्हा मला आपली किराणा दुकानाची उधारीची वही आठवली. दुकानदार कधी नाव लिहितो, कधी नुसतं "पाटलाच्या वाड्यामागची" असं लिहितो. परक्याला काही कळणार नाही. पण शेजारी गटाचं हजेरीपत्रक ठेवलं, तर कोण कुणाची सून आणि कुणाची किती उधारी, सगळं उलगडेल. एकटी वही मुकी असते. दोन शेजारी ठेवल्या की त्या बोलायला लागतात.

स्वीनीनं पुढे अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला. पिनकोड, जन्मतारीख आणि बाई की पुरुष, एवढ्या तिन्हींवरून शंभरातली ८७ माणसं एकटी पडतात, म्हणजे तशी दुसरी व्यक्ती सापडतच नाही, असं तिला दिसलं. नंतर २००६ साली दुसऱ्या एका संशोधकानं फिरून मोजलं, त्याचा आकडा ६३ च्या आसपास आला. काही जणांनी असंही म्हटलं, की गव्हर्नर १९९६ साली एका पदवीदान समारंभात भोवळ येऊन पडले होते, ते पेपरात आलं होतं. अशा नावाजलेल्या माणसाला ओळखणं सोपंच. साधा माणूस इतका सहज सापडला नसता.

ही शंका रास्त आहे. पण मला विचाराल तर ती शहराची शंका आहे. गावात प्रत्येक बाई गव्हर्नरच असते. कोण कधी आजारी पडली, कुणाच्या दारात ॲम्ब्युलन्स आली, हे पेपरात छापावं लागत नाही.

यातून अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी नियम झाले. माहिती बाहेर द्यायची तर एक वाट अशी, की जन्मतारखेतलं फक्त साल ठेवायचं. पिनकोडचे पहिले तीनच आकडे ठेवायचे, तेही त्या भागात वीस हजारांहून जास्त माणसं असतील तर. आणि ज्यांचं वय ८९ च्या वर आहे त्यांचं नेमकं वय लिहायचंच नाही, "नव्वद किंवा जास्त" एवढंच लिहायचं. का? तर शंभरीला टेकलेली आजी भागात एखादीच असते. वय लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच.

स्वीनी आणि तिची सहकारी पिएरांजेला समराती यांनी १९९८ साली एक युक्ती सुचवली. सोप्या शब्दांत सांगायचं तर कुठलीही ओळ एकटी सोडायची नाही. समजा आपण ठरवलं पाच, तर सारख्या दिसणाऱ्या निदान पाच ओळी हव्यात. आमच्या तक्त्यात हे कसं झालं असतं? "वय ३६" ऐवजी "३० ते ४०". "मळा" ऐवजी नुसतं गाव. "थोरली नर्सिंगला" ऐवजी "मूल दहावीच्या पुढे शिकतं". एवढं केलं असतं तर वहिनींसारख्या आठ-दहा ओळी निघाल्या असत्या, आणि दिराला तक्त्यासमोर डोकं खाजवत बसावं लागलं असतं.

तरी यातही गोम आहे. समजा त्या आठ-दहाही ओळींत "सोनं गहाण" असंच असेल, तर कुठली ओळ कुणाची हे कळायची गरजच उरत नाही. ही गोम पुढच्या संशोधकांनी दाखवून दिली.

आता तुम्ही म्हणाल, हे फॉर्म, तक्ते ठीक आहेत. पण मी कुठे फॉर्म भरते? माझ्याकडे नुसता मोबाईल आहे.

मोबाईलचंच ऐका. मोबाईल कुठल्या वेळी कुठल्या टॉवरजवळ होता याची नोंद कंपनीकडे राहते. इव-अलेक्झांडर द मोंजोय आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१३ साली एक अभ्यास छापला. १५ लाख माणसांच्या मोबाईलची १५ महिन्यांची नोंद. नाव नाही, नंबर नाही. नुसती वेळ आणि टॉवर. तासातासाचा हिशेब. त्यांनी पाहिलं, की एखाद्या माणसाच्या अशा चार नोंदी माहीत असल्या तर शंभरातली ९५ माणसं त्या लाखोंच्या गर्दीतून वेगळी काढता येतात.

चार म्हणजे किती थोड्या ते बघा. पहाटे घरी. मंगळवारी बाजारच्या गावी. पंचमीला माहेरी. गेल्या सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात. तुमच्या जावेला तुमच्या या चार गोष्टी माहीत नाहीत का? मग ज्याला त्या माहीत आहेत आणि ज्याच्या हातात ती मोठी यादी आहे, त्याला तुमचं उरलेलं वर्षही कळलं.

आणि मोबाईलवर आपण काय शोधतो, तेही लिहिलं जातं. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन कंपनीनं संशोधकांना मदत म्हणून सुमारे साडेसहा लाख माणसांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर काय काय शोधलं, त्या दोन कोटी नोंदी खुल्या केल्या. नावाच्या जागी आकडे घातले. पण माणूस काय शोधतो? आपल्या गावातला बागकामवाला शोधतो, आपल्या आडनावाचे नातेवाईक शोधतो. थोड्याच दिवसांत एका वर्तमानपत्राचे बातमीदार असल्याच एका आकड्याचा माग काढत एका वयस्कर बाईच्या दारात उभे राहिले. तिनं शोधलेलं तिला वाचून दाखवलं. ते तिचंच होतं. मला सगळ्यात लागलं ते पुढचं. त्या नोंदींत आजारांचे बरेच शोध होते. कुणी वाचलं तर म्हणेल, बाईला किती दुखणी! आणि ती तर मैत्रिणींच्या आजारांची माहिती काढत बसायची. आपणही तसंच करतो ना? गटातल्या कुणाला गाठ आली, की जिला वाचता येतं ती मोबाईलवर बघून सांगते. उद्या ती यादी कर्ज देणाऱ्याच्या किंवा विमा कंपनीच्या हाती पडली, तर ते दुखणं जिनं बघितलं तिच्या नावावर लागणार. म्हणजे माहिती फुटते हे एक, आणि फुटते तेव्हा ती चुकीचीही असते.

त्या कंपनीनं यादी तीन-चार दिवसांत काढून घेतली, माफी मागितली, माणसं कामावरून गेली. पण तोवर लोकांनी उतरवून घेतली होती. सांडलेलं दूध कुणी भरून आणलंय?

मग माहिती द्यायचीच नाही का? नाही बायांनो, मी असं म्हणत नाही. किती बायका सावकाराच्या दारात जातात, हे मोजलंच नाही तर स्वस्त कर्जाची योजना कशी येणार? आणि काही याद्या नावानिशी उघड्या असायलाच हव्यात. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाची हजेरी लागली तर ती आपल्यालाच ओळखू यायला हवी. सरकारचा पैसा कुणाला गेला ते उघड असावं. बाईचं डोरलं कुठे गेलं ते असू नये. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फॉर्म बनवणाऱ्यानं आधी करायचा असतो.

शिवाय खरी माहिती मिळवूनही कुणाला उघडं न पाडण्याची एक रीत आहे, आणि ती भलतीच मजेशीर आहे. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर नावाच्या अभ्यासकानं तिची मूळ कल्पना मांडली. तिचा सोपा प्रकार आम्ही आमच्या ग्रामसंघात मागच्या वर्षी करून बघितला. चाळीस जणी होत्या. प्रश्न अवघड: घरच्यांना माहीत नसलेलं कर्ज तुमच्यावर आहे का?

प्रत्येकीला सांगितलं, नाणं उडवा, पदराआड बघा, कुणाला दाखवू नका. छापा आला तर काही विचार न करता "हो" म्हणायचं. काटा आला तर खरं काय ते सांगायचं. मग एकेकीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं. आता एखादी "हो" म्हणाली, तर ते कर्जाचं "हो" की छाप्याचं "हो"? ब्रह्मदेवाला कळणार नाही. सासू शेजारी बसली असली तरी चालेल.

आमच्यात "हो" आले २९. चाळीस नाण्यांत अंदाजे वीस छापे पडणार, म्हणजे वीस "हो" फुकटचे. ते वजा केले, उरले नऊ. हे नऊ आले काटा पडलेल्या विसांतून. म्हणजे विसात नऊ, निम्म्याला थोडं कमी. नाणं काही मोजून वीसदाच छापा पडत नाही, त्यामुळे चाळीस जणींत हा आकडा ढोबळच. चार हजार जणींत केलं तर बराच नेमका येईल. आणि "नाही" म्हणणारीचं मात्र खरंच नाही, हे कळतं. इथे त्यानं काही बिघडत नाही. जिथे बिघडेल तिथे फाशाचा वेगळा प्रकार करता येतो.

ग्रामसंघानं तो अंदाज घेऊन बँकेच्या साहेबांशी बोलणी केली. कुणाचं नाव नाही, वस्ती नाही, मुलीची नर्सिंग नाही. त्या दिवशी पहिलं "हो" मळ्यातल्या वहिनींचं होतं, खणखणीत. छापा होता की काटा, मी विचारलं नाही.

याच विचाराला सिंथिया ड्वॉर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००६ साली पक्क्या गणिताची बैठक दिली. आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करायची, इतकी की एकटी व्यक्ती झाकली जावी, पण एकूण चित्र बिघडू नये. अमेरिकेनं २०२० च्या जनगणनेचे आकडे बाहेर देताना ही रीत वापरली. त्यावर तक्रारीही झाल्या, की मोठ्या शहराचे आकडे ठीक राहतात, छोट्या वस्तीचे विस्कटतात. ही ओढाताण राहणारच. झाकायचं किती आणि दाखवायचं किती, हे संगणक ठरवत नाही, माणसं ठरवतात. म्हणून त्या बोलण्यात आपणही असायला हवं.

आपल्याकडे काय? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेली ती केस. मग २०२३ साली संसदेनं संगणकातल्या खासगी माहितीबद्दल कायदा केला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं ठरलेली आहे. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. संमती मागतानाचा कागद इंग्रजीत किंवा राज्यघटनेतल्या २२ भाषांपैकी आपल्याला हव्या त्या भाषेत मागता येतो, म्हणजे मराठीत. आणि दिलेली संमती परत घेता येते. पण संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला त्या कायद्यात काही अटींवर सूट आहे. म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यासारख्या गोष्टींत नुसत्या कायद्यावर विसंबून चालणार नाही.

मी अजूनही फॉर्म भरते. पण आता कुणी नवीन फॉर्म घेऊन आलं की आधी मीच विचारते, साहेब, हा रकाना कशाला हवा? जन्मतारीख कशाला, साल चालणार नाही का? हे छापणार कसं, वस्तीवार की तालुक्यानुसार? आमच्या वस्तीवर अशी एकच बाई असली तर काय करणार? एक-दोघं चिडले. एका मॅडमनं मात्र तिथेच तीन रकाने खोडले, म्हणाल्या, आम्हाला हे लागतच नव्हते, जुन्या फॉर्मातून आले. उंबऱ्यावरचं वाक्यही मी बदललंय. "नाव येणार नाही" असं म्हणत नाही. "वहिनी, यात असं काही आहे का, की ज्यावरून तुम्ही ओळखू याल? तर ते आपण लिहायचं नाही," असं म्हणते. वेळ जास्त लागतो. दिवसाला बारा फॉर्म व्हायचे, आता सात होतात.

तुमच्या गावात सध्या कुठला सर्व्हे चालू असेल, तर त्या फॉर्मची एक कोरी प्रत आपल्या रेडिओ केंद्रावर आणून द्या. कोरी बरं का, भरलेली आणू नका. पुढच्या बुधवारी आपण त्यातला एक फॉर्म घेऊ आणि रकाना रकाना वाचू. येते मी. नमस्कार.